रस्त्यात ओळख दाखवायची न्हाई

मी पिंगळीकडची. बाप दुसऱ्याच्या रानात सालगडी, माय बी तिथंच खुरपायला, आन् बापाचं एकच म्हणणं, पोरीनं सावलीत बसून काम करावं. म्हणून परभणीला लॅबचा कोर्स केला, तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात लागले, आन् सावली अशी मिळाली की खोलीला खिडकीच न्हाई. बाप बघायला आला तवा म्हणला, ही जरा लयच सावली झाली गं.

काम काय, तर रक्त तपासायचं. साखर, कावीळ, मलेरिया, समदं करते मी, पण गावाला आठवतं एकच, ती गुप्तरोग तपासणारी बाई. आता काय सांगू तुमाला, दर गरवार बाईचं रक्त त्यासाठी बघावंच लागतं, त्यात लाजायचं काय? रक्त गोठू द्यायचं, मशीनमधी फिरवायचं, वर आलेल्या पिवळ्या पाण्याचा थेंब पांढऱ्या कार्डावर टाकायचा, त्यात कोळशाची बारीक पूड असलेलं औषध, आन् कार्ड फिरवत राहायचं. समदं सारखं राखाडी दिसलं तर बरं. काळे कण गोळा झाले तर गरमीचा, डॉक्टर सिफिलिस म्हणतात त्याचा, संशय. संशयच बरं का, गरवारपणात कधी उगंच बी जमतात, म्हणून दुसऱ्या तपासणीनं खात्री करायची. कण जमले हे कार्ड सांगतं. कुणी कुणाला दिलं ते सांगत न्हाई. ते घरात आधीच ठरलेलं असतं, सुनेनं आणलं.

मधी एक मोठे साहेब आले, मंडप, हार, माईक. लाजू नका, पुढं या, तपासून घ्या, असं लय वेळ बोलले. मी म्हणलं, साहेब, तुमच्यापासूनच सुरू करू का? तर साहेबांना मीटिंग आठवली.

ज्यांनी मला काम शिकवलं ते म्हातारे टेक्निशियन म्हणायचे, बाई, रस्त्यात आपण होऊन कुणाला ओळख दाखवायची न्हाई. तुमी हसून बोलला की बघणारा विचारतो, हिची तुझी वळख कुठली? तवापासून मी बाजारात भाजीकडं बघत चालते. लोक म्हणतात बाई लय ताठ हाय. असू दे.

मालक वारले, लेक पुण्याला, फोनवर आई जेवलीस का एवढंच विचारतो. बोलायला एकच माणूस, शेजारची शेवंताबाई. थंडीत रानात हुरड्याला न्यायची, मला पुढं बसवून म्हणायची, खा, तुझ्या त्या कार्डावर हुरडा भाजता येत न्हाई. तिच्या साखरेचा रिपोर्ट बी मी कधी तोंडानं सांगितला न्हाई, डॉक्टरला विचार म्हणायचे. ती हसायची, सरकारनं तुझ्या तोंडाला कुलूप घातलंय.

मंग तिची सून मीरा गरवार राहिली. रक्त काढताना मी तिला सांगितलं, बाहेर दिसलीस तरी मी वळख देणार न्हाई, राग मानू नको. म्हणली, बरं मावशी. त्या दिवशी कार्डावर कण जमले. दुसरी तपासणी केली, तीबी तीच बोलली. समुपदेशक बाईनं मीराला एकटीला बसवून सांगितलं, नवऱ्याला बोलवून घेतलं. तो ऊसतोडीच्या मशीनवर डायवर, वर्षातले किती महिने बाहेर. दोघांची इंजेक्शनं सुरू झाली. वेळेवर घेतली की पोटातलं लेकरू वाचतं, हे मला म्हाईत होतं. शेवंताबाईला कळलं तर सून इंजेक्शन पुरं व्हायच्या आत माहेरी धाडली जाईल, हेबी म्हाईत होतं.

शेवंताबाई माझ्या दारात आली. कांता, पोरीला सारखं इंजेक्शनला बोलवायलेत, पोरगं बी काम सोडून आलंय, काय निघालं सांग. मी म्हणलं, डॉक्टरला विचार. म्हणली, मला सांगतीस का डॉक्टरला विचार? माझ्या ताटात जेवलीस तू. मी म्हणलं, तुझी साखर तरी कधी सांगितली का मी? ती म्हणली, खरंय, तू कुणाचीच न्हाईस.

तिला राग आला, संशय आला न्हाई. एवढ्यासाठीच तर इतकी वर्षं मी तिची साखर सांगितली नव्हती, असं आता वाटायलंय.

लेकरू झालं, पोरगी. तपासली, निरोगी. बारशाचा भोंगा भिंतीपलीकडं वाजत होता, मी हिकडं एका माणसाचा चहा ठेवला. निरोप आला न्हाई. हुरडा बी आला आन् गेला.

परवा बाजारात दोघी समोरून आल्या. शेवंताबाई पुढं, तिनं तोंड फिरवलं. मीरा मागं, तिनं बी बघितलं न्हाई, शिकवल्यावानी. फक्त माझ्या बाजूला आल्यावर तिनं लेकरू खांद्यावरून काढलं आन् दुसऱ्या खांद्यावर असं घेतलं की त्याचं तोंड माझ्याकडं झालं. ती पोरगी लाळ गाळत माझ्याकडं बघत बघत गेली. गाल भरलेत, डोळे स्वच्छ.

मी वांगी निवडत होते. निवडतच राहिले. सुखी राहा म्हणलं, पण मनात. आता रिटायर व्हायची येळ आली, तरी तोंडाला कुलूप हाय तसंच राहू द्या.