उजवा दिवा कुनाचा

— मंग लावा पैज. ह्या गोष्टीचा शेवट तुमी वळखलात तर तुमची ही कातड्याची पिशवी डोक्यावर घिऊन मी सवता तुमाला जोत्याच्या मशीनपातुर सोडतो. न्हाय वळखलात तर हितंच लिंबाखाली बसून माजं ऐकायचं. वळखा. अजून सुरूच केली न्हाय म्हनता? तीच तर गंमत हाय, सायब. आख्ख्या निरवांगीत भिमातात्याशी पैज लावून कुनी जिकलेलं न्हाय. बसा. तितं नगा बसू, तितं मुंगळं हाईत — न्हाईत वो, न्हाईत, खोटं बोललो. पन उटलात कसं झटक्यात.

आता तुमी ज्याला जोतीराम म्हनता त्यो जोत्या माजा पुतन्या. आईबाप ल्हानपनीच गेलं, माज्या गोजरनं वाढिवला त्येला. गोजर म्हंजे माजी बायकू, गोजरबाई. हिला पोर न्हवतं, ह्येला आई न्हवती, जमलं दोघांचं. म्हंबईला शिकला, आन आकडं करनाऱ्या मशीनचं याड घिऊन माघारी आला. तुमी सरकारी मानूस, ती मशीन बगनार, पटली तर पैका मंजूर करनार, मंग जोत्या ती उचलून म्हंबईला न्हेनार आन तितं मोठी करनार — व्हय का न्हाय? मला समदं ठावं हाय. रोज जेवताना कानाशी तेच की. म्हनतो, तात्या, सरकार आता संशोधनाच्या नव्या दिशेला अनुदान देनार. मी म्हनलं, लेका, दिशेला तर आमी बी रोज सकाळी टमरेल घिऊन वढ्याकडं जातो, त्येला बी पैसं देतंय व्हय सरकार? — हासा की, हासाया पैसं न्हाय पडत. गोजर आसती तर पदर तोंडात घालून हासली आसती.

मशीन माज्या सपरात हाय. दुसरी जागाच कुटं हुती? लढाईच्या भंगारातल्या तारा, काचंच्या नळ्या, बॅटरी, एक लाकडी खोकं, त्येला खटकं आन वर दोन दिवं. काम काय, तर पाटाच्या पान्याची पाळी सांगायची. कुनाचा ऊस वाळलाय, पाटाला पानी किती, कुनाची पाळी मागं चुकली, तसं तसं खटकं पाडायचं आन बटन दाबायचं. आपल्या उजव्या हाताचा दिवा लागला तर सोडा पानी, म्हंजे व्हय. डाव्या हाताचा लागला तर न्हाय. पाटकऱ्याच्या हातापाया पडायचं काम न्हाय, भावाभावात कुऱ्हाडी निघायचं काम न्हाय. चांगलं हाय वो, मी कुटं वंगाळ म्हनतोय?

पन आमची मानसं. दोन दिवं बगितलं आन गोजर म्हनली, अगं बया, ह्यो तर कौल. — कौल ठावं न्हाय? घरावरचं न्हवं वो. देवाला लावत्यात त्यो. देवाच्या दोनी अंगाला फुलं चिकटवायची आन मनात इचारायचं. देवाच्या उजव्या अंगाचं फूल पडलं तर व्हय, डाव्या अंगाचं पडलं तर न्हाय. झालं, समदा गाव सपरात. कुनी हळद लावली, कुनी नारळ फोडला, खोबऱ्यानं मुंग्या झाल्या मशीनला. रावजीनं काय इचारावं? माजी बायकू माज्यावर जीव लावती का. दिवा लागला, पट्ठ्या गूळ वाटत फिरला गावभर. जोत्या डोकं धरून बसला. म्हनला, तात्या, खटकं न पाडता नुस्तं बटन दाबलं तर ती एकच दिवा लावनार, तिला काय कळतंय जीवबीव. मी म्हनलं, आसू दे, तुज्या मशीनला निदान गिऱ्हाईक तरी हाय.

आन एक गंमत — गंमत कसली. कौलात उजवा म्हंजे देवाचा उजवा. आपन देवाम्होरं तोंड करून हुबं ऱ्हातो, त्येचा उजवा आपल्या डाव्या हाताला येतो. कळलं का? तुमी माज्याम्होरं बसलाय, माजा हा उजवा हात — तुमच्या कुटल्या अंगाला आला? हां. डाव्या. जोत्यानं व्हयचा दिवा बसिवला आपल्या उजव्याला, आन गाव बगतंय देवाचा उजवा. म्हंजे मशीन न्हाय म्हनली की गाव म्हनतंय, व्हय म्हनली. रावजीनं गूळ कशाचा वाटला ते तुमीच समजा.

ह्ये मला तवा ठावं न्हवतं. आयच्यान न्हवतं. म्हाईत झालं गोजर गेल्यावर.

तिला धाप हुती. दोन पावलं चालली की बसायची. सपरातच बाज टाकलीवती मशीनच्या म्होरं, तिला त्या दिव्यांची संगत वाटायची. सारखं काय न काय इचारायची — आज पिठलं करू का, माजी म्हस औंदा व्येल का, ह्ये म्हातारं खरं बोलतंय का. आन येक दिस म्हनली, मी हितनं उठंन का रं? बटन दाबलं. देवाचा उजवा लागला. सायब, बाई उटून बसली. पेज मागून प्याली. केस इंचरून घेतलं. मला म्हनली, बगा, मेली न्हाय मी, करा आता किती चेष्टा करायची ती. जोत्या दारात हुबा. त्येला ठावं हुतं त्यो दिवा कशाचा. पोरगा नुस्ता चौकटीला हात लावून हुबा. पुढचा बाजार काय तिनं बगितला न्हाय.

तुमी घाम का पुसताय? वारं हाय की.

मातीवरनं आल्यावर सपरात गेलो. बाज उचलायची हुती. आन मला काय वाटलं — चेष्टाच, दुसरं काय, जन्मभर तेच केलं — बटन दाबलं आन म्हनलं, गोजर, हायस का? लागला. देवाचा उजवा. त्येच्या खाली बाजंवर उजेड पडला, तिच्या डोक्याच्या जागी, खोलगट झालीवती तितं. दुसऱ्या दिशी इचारलं, लागला. तवापास्नं दिवा लावायच्या येळंला जातोच. भाकरी खाल्ली का इचारतो, लागतो. रागावलीस का इचारतो, तवा बी लागतो, मंग मी हासतो, म्हनतो, रागाव. कवा कवा बटन दाबायच्या आदीच लागलेला असतो. — न्हाय, तार हाललेली नसती. बगितली मी. तुमी शिकलेली मानसं लगीच तारंवर जाता.

जोत्यानं ऐकलं येकदा दारामागनं. हाताला धरून भाईर आनलं, रडला, म्हनला, तात्या, त्यो दिवा न्हायचा हाय. रिकाम्या खटक्यावर ती न्हायच म्हननार. मी म्हनलं, रिकामं कसं, मी तोंडानं इचारतो की. तर म्हनतो, सायब यायच्या आदी दिव्यांवर रंगानं लिवतो, ह्येच्यावर होय, त्येच्यावर नाही, म्हंजे त्येंचा बी घोटाळा व्हायला नगं. मला फारसं वाचता येत न्हाय, सायब. पन नाही येवढं येतं वाचता. दोन अक्षरं तर हाईत.

म्हनून म्हनलं त्येला, सायब उद्या येनार हाय, त्येचा मानूस सांगून गेला, तू आज बारामतीला — आता बगा, बोलू नये ते बोललो. उटलात? न्हाय, तुमी आजचंच सांगितलंवतं, चूक तुमची न्हाय. मशीन बगायची म्हनता? बगा की. हळदीनं माखलीय, म्होरं नारळाच्या कवट्या पडल्यात, तितंच मेलेल्या बाईची बाज हाय, आन म्हातारा रोज तिच्यासंगं बोलतो. लिवा तुमच्या कागदावर, संशोधन हाय म्हनून. — असं बगू नगा माज्याकडं. जोत्याचा दोस न्हाय त्यात, त्यो नारळ फोडू नगा म्हनून घसा फोडत हुता. पन तुमी आता काय म्हननार मला दिसतंय तुमच्या तोंडावर. भुताटकीला सरकार पैसं देत न्हाय. बराबर हाय. नगाच दिऊ. हितंच ऱ्हाऊ द्या तिला.

त्यो बगा धुरळा. यष्टी फुडच्या गावास्नं माघारी फिरली, पुना संध्याकाळपातुर गाडी न्हाय. घ्या पिशवी. डाव्या अंगाला बसा, ऊन लागनार न्हाय — तुमच्या डाव्या, डायवरच्या न्हवं. न्हाय, डायवरचा बी तोच की, दोघांची तोंडं येकीकडंच.

बारामतीच्या वाटंला पोरगा दिसंल येक, चष्मा लावलेला, म्हस हाकत चाललेला. हात करू नगा, गाडी थांबवू नगा. मशीनची बॅटरी मेली म्हनून मीच खोटं सांगितलं त्येला, नवी आन म्हनलं. पैसं कुटनं आननार त्यो? गोजरची म्हस बाजारात घिऊन गेलाय, इकाया.