सुरीचा फासा

ऑपरेशन थिएटरबाहेर माझ्या शेजारी बाप-लेक बसले होते. लेकीच्या अंगावर हिरवा गाऊन, मुठीत तिच्या खेळातले फासे.

“तुझ्या त्या खेळात सुरी लागली तर किती जीव कमी होतो गं?”

“चार बाजूंचा फासा टाकायचा. पडेल तेवढा.”

“म्हणजे फार तर चार. आणि तुझ्याकडे?”

“नऊ.”

“मग घाबरतेस कशाला? पाच उरतातच की.”

“आधी वार लागतो का, ते वीस बाजूंच्या फाशावर बघतात, बाबा. तिथे वीस पडले तर सुरीचा फासा दोनदा टाकायचा.”

“म्हणजे आठ. तरी एक उरतो.”

“हो.”

“एक पुरे, बाळा.”

आतून तिचं नाव पुकारलं.

“हे फासे धरा, बाबा.”

“टाकून बघू?”

“नको. मूठ उघडूच नका.”