पहारेकरी पथक आणि आमचे कप्तान

काय सांगू तुम्हाला, माझं स्वतःचं असं सांगण्यासारखं काही नाही, सांगायचं ते पथकाचंच. आम्ही मूळचे नेवाशाकडचे. आजोबांच्या काळात आमची घरं ख्रिस्ती झाली, पण बोली, खाणं, लग्नातली हळद सगळं तिकडचंच राहिलं. लग्न झालं तशी मी हितं घाटकोपरला डोंगरावर आले ती आजपर्यंत. आमचे मिस्टर, शमुवेल, कांजूरमार्गला कारखान्यात फिटर होते. घरात हुकूम मार्थाचा, म्हणजे माझाच चालायचा, पण बाहेर त्यांना सगळा डोंगर कप्तान म्हणायचा. ते कसं, तेच सांगते.

त्यांना वडील नव्हते. आईनं मिशनच्या बोर्डिंगात टाकलं. तिथं एका म्हाताऱ्या साहेबानं मुलांचं पथक काढलेलं, खाकी चड्डी, गळ्यात स्कार्फ, हातात काठी, दोरीच्या गाठी शिकायच्या, चूल पेटवायची, कुणाला लागलं तर पट्टी बांधायची, आणि शेवटी बायबलचं एक वचन पाठ. मिस्टर म्हणायचे, मार्था, मी चोर झालो असतो, त्या पथकानं मला माणसात ठेवलं. लई वेळा म्हणायचे हे. जेवताना म्हणायचे, शर्ट घालता घालता म्हणायचे.

तर डोंगरावर तेव्हा पोरं पायऱ्यांवर बसलेली असायची, पत्ते खेळत, रुमालात व्हाइटनर घेऊन हुंगत. एका शनिवारी हे कारखान्यातून आले, चहासुद्धा घेतला नाही, शिट्टी घेतली आणि चर्चच्या पटांगणात जाऊन वाजवत उभे राहिले. मी म्हणलं, लोक हसतील. म्हणाले, हसू दे, हसायला तरी येतील. पहिल्या दिवशी तिघंच आले, त्यातले दोघं खरंच हसायलाच आलेले. नाव ठेवलं पहारेकरी पथक. स्कार्फ मी शिवले, माझ्या मशीनवर, चर्चचे जुने निळे पडदे काढले होते ना, त्यातून. पडद्याला पडलेली भोकं बरोबर गाठीत जातील असं कापायचं, डोकं लावावं लागायचं.

ख्रिस्ती पोरं होती तशी दुसरीही यायला लागली, ढोल वाजवायला मिळतो म्हणून. गणेश त्यातलाच. त्याची आई मालवणकडची, कमरेला पदर खोचून दारात आली, माझ्या झिलाक बाटवशात तर माझ्यासारखी वायट कोण नाय, असं तोंडावर. मिस्टर म्हणाले, ताई, बसा आधी. गाठी शिकवतो, शिस्त शिकवतो, शेवटी आमची प्रार्थना असते. त्याला नको असेल तर त्यानं नुसतं उभं राहावं आणि आपल्या देवाचं नाव घ्यावं, मी काही कान लावून ऐकणार नाही. ती बसली. मग दर शनिवारी स्वतः बघायला यायची, पटांगणाच्या कडेला बसून भाजी निवडायची. पुढं तर मलाच विचारायची, आज काय शिकवतत गो?

मिस्टरांना एक खोड होती. शिकवता शिकवता मधेच पडायचे. धाडकन. डोळे मिटून. पोरांची परीक्षा. मग पोरांनी काय करायचं, शर्ट काढायचे, बटणं लावायची, दोन काठ्या बाह्यांतून ओवायच्या, झालं स्ट्रेचर. त्याच्यावर ह्यांना घालून पटांगणाला फेरी. कुणी हसलं की हे एक डोळा उघडून ओरडायचे, पेशंटला हसतात का रे? आणि तेच हसायचे आधी.

त्या शनिवारी पण पडले. शिट्टी वाजवता वाजवता खाली बसले आणि आडवे झाले. पोरांना वाटलं परीक्षाच. एलिया म्हणून मुलगा होता, मोठा, सगळ्यांत हुशार, त्यानं सगळ्यांना बरोबर उभं केलं, शर्ट काढा, काठ्या आणा, डोकं सांभाळा. गणेशनं मला नंतर सांगितलं, एलिया म्हणाला होता, कप्तान, आज डोळा उघडायचा नाही हं, आज आम्ही फुल मार्क घेणार. आणि कप्ताननं नाही उघडला. अर्धी फेरी झाली तेव्हा एलियाला काहीतरी दिसलं ह्यांच्या तोंडावर, आणि तो स्ट्रेचरसकट पटांगण सोडून सरळ गल्लीत शिरला.

मी दारात मशीनवर होते. आमच्या गल्लीत रिक्षा येत नाही, ॲम्ब्युलन्स कुठली येणार, खाली रस्त्यापर्यंत पायऱ्याच. बनियनवरची पोरं ह्यांना घेऊन येताना दिसली. आणि मी काय बोलले सांगू? म्हणलं, अरे जरा हळू, पाडाल त्यांना. मला पण वाटलं खेळच चाललाय. एलियानं माझ्याकडे बघितलं. सगळे खाली उतरून गेले. मग मला कळलं. कसं कळलं माहीत नाही. पायात काही न घालता गेले मागं.

दवाखान्यात डॉक्टर बाहेर आले, मान हलवली. हार्ट म्हणाले. मी तिथं उभी होते आणि पोरांच्या शर्टांकडे बघत होते, बटणं तशीच लावलेली. कब्रस्तानातून आल्यावर मी ते शर्ट धुतले, इस्त्री केली, ज्याचे त्याला दिले. बायका म्हणायच्या, रड गं मार्था, मोकळी हो. रडू येतच नव्हतं. अजून नाही आलं. आत हात घातला तर भिंत लागते, अशी.

पुढच्या शनिवारी पाळकसाहेबांनी सांगितलं, आता पथक बंद करू या, चालवणार कोण. मी म्हणलं बरं. मला काय, बंद तर बंद. पण दुपारी दार उघडलं तर पोरं पायरीवर. स्कार्फ घालून. कुणी काही मागितलं नाही, बसली होती नुसती. मी काठ्यांच्या खोलीची किल्ली घेतली आणि गेले. पाळकसाहेब म्हणाले, बाईमाणसानं मुलांची कवायत घ्यायची, चर्चची मंडळी काय म्हणेल? मी काही बोलायच्या आत पटांगणाच्या कडेला बसलेली गणेशची आई उठली, म्हणाली, मंडळीक माझ्याकडे पाठवा, मी बोलतंय तेंच्याशी. ते हसले आणि गेले. मग कधी आडवे आले नाहीत.

मला एकसुद्धा गाठ येत नव्हती हो. पोरांनीच शिकवल्या. आता लोक म्हणतात, मार्थाकाकू, केवढी हिंमत. हिंमत बिंमत काही नाही. शनिवार आला की पाय जातात. शिट्टी वाजवते, वचन म्हणून घेते, कुणाचा हात मुरगळला तर पट्टी बांधून दाखवते. छान वाटतं का, विचारू नका. वाटत काही नाही. फक्त पडायची परीक्षा मी घेत नाही. स्ट्रेचर शिकवते, पण वर तांदळाची गोण ठेवते.

एलिया त्या दिवसापासून आला नाही. त्याची आई म्हणाली, मामाकडे गेला दहिसरला, तिकडंच कामाला लागला. मी मागं नाही लागले.

माझी मुलगी रूथ पण दहिसरलाच दिलेली. ह्या नाताळाच्या आधी तिच्या नणंदेच्या लग्नाला गेले, जेवणाच्या रांगेत मागनं कुणी काकू म्हणालं. ओळखलंच नाही, दाढी, पोट, कडेवर मुलगी. एलिया. मुलीला बायकोकडे देऊन मला बाजूला घेऊन गेला, मांडवाच्या मागं, जिथं भांडी धुवत होत्या बायका. मग म्हणाला, काकू, तुम्ही हळू म्हणालात ना, म्हणून मी पायऱ्यांवर हळू चाललो. हळू चाललो नसतो तर?

एवढी वर्षं ते पोरगं माझा शब्द घेऊन फिरत होतं. मला तर वाटलेलं कुणी ऐकलाच नाही.

मी म्हणलं, अरे वेड्या, डॉक्टर मला म्हणाले होते, तुम्ही उचलायच्या आधीच ते गेले होते. पटांगणातच. तू धावला असतास तरी तेच.

डॉक्टर असं काही म्हणाले नव्हते. मी विचारलंही नव्हतं.

तो रडला, मोठा माणूस, भांडी धुणाऱ्या बायका बघत होत्या. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. माझ्या डोळ्यात काही नाही. पण हात काढला नाही, तो थांबेपर्यंत ठेवला.

रूथ म्हणते, आई, इकडं ये आता, गुडघे दुखतात, डोंगर कशाला चढतेस. येईन म्हणते. पोरं आता कमी येतात, क्लास असतात, मोबाईल असतो. कवायत गणेशच घेतो, मी खुर्चीवर बसते. पथक टिकेल, नाही टिकेल, ते प्रभूच्या हाती. एलियाच्या मुलीचं भलं होवो, सगळ्या पोरांचं होवो. तुम्ही एवढा वेळ बसलात, तुमचंही होवो. उठा आता, चहा टाकते.