मिकिओनच्या नावाची खापरी

नाही, मला एक सांगा, पांढरा पावटा दर वेळी त्याच्याच हाताला कसा लागतो? मडकं तेच, सगळ्यांनी न बघता हात घालायचा, पांढरा आला तर पद, काळा आला तर घरी... आणि हा मिकिओन, माझ्या शेजारच्या गाळ्यावर खारवलेली मासळी विकणारा, हा हात घालतो आणि पांढरा! मागे बाजाराचा तपासनीस झाला, मग थेट पाचशे जणांच्या मंडळात. माझा काळा. त्याच्या आधीही काळा. मला तर वाटायला लागलंय, माझ्या हातात आल्यावरच पावटे करपतात. तुम्हाला सांगतो, मला काही त्याचा हेवाबिवा नाही. मी आपला तेल विकतोय.

बरं, नुसतं मंडळ असतं तर गिळलं असतं. पण मंडळात रोज एकाला सोडतीने अध्यक्ष करतात ना, एका दिवसापुरता, त्यातही हाच! अख्ख्या अथेन्सच्या खजिन्याच्या किल्ल्या ह्याच्या कमरेला, आणि हाताला खारवलेल्या बांगड्यांचा वास! तेव्हापासून कुणी भावात घासाघीस केली की हा डोळे अर्धे मिटून, ‘मी अध्यक्ष होतो तेव्हा...’ अरे, एक दिवस होतास! आमची बायको मिर्टाले मला ऐन जेवताना ऐकवते, मिकिओनची बायको हल्ली काय ठसक्यात चालते म्हणून. मी खाली मान घालून ऑलिव्ह चावतो. करणार काय, मी आपला तेल विकतोय.

मग आला खापऱ्यांचा दिवस. शहराला जो डोईजड झाला असेल त्याचं नाव फुटक्या खापरीवर कोरायचं, ज्याच्या नावाच्या जास्त निघतील तो दहा वर्षं हद्दपार. लोक आपले दोन मोठ्या पुढाऱ्यांची नावं कोरत होते. मी काय केलं, आमचं तेलाचं एक मडकं फुटलं होतं, त्याची खापरी घेतली, खिळा घेतला आणि कोरलं, वस्तीच्या नावासकट: मेलितेचा मिकिओन. का नाही कोरायचं? झालाच होता डोईजड. मला तरी झाला होता.

मोजणीला ही गर्दी! पुढाऱ्यांच्या खापऱ्यांचे दोन ढीग, आणि बाजूला एकटीच पडलेली एक. दवंडीवाल्याने ती उचलली, वाचली, उलटी करून पाहिली, आणि खणखणीत आवाजात, ‘मेलितेचा मिकिओन, एक!’ सगळा बाजार खो खो हसला. म्हटलं, आता हा तोंड लपवून पळणार. छे हो! ह्याने छाती पुढे काढली. ‘ऐकलंत ना? ह्या शहरात कुणाला तरी माझी भीती वाटते!’ आणि ती खापरी चक्क मागून आणली, गाळ्यावर टांगली. लोक लांबून लांबून बघायला येतात, आलेच आहेत तर मासळीही नेतात. बसला की नाही पुढाऱ्यांच्या पंगतीत? मडकं माझं, खिळा माझा, मेहनत माझी... आणि मी? मी आपला तेल विकतोय.

पुढे एकदा गाळा बंद करून तो माझ्याकडे आला. हातात खापरी. त्याने ती स्वतःच्या नाकाशी धरली, मग माझ्या. तेलाचा वास! माझ्याच तेलाचा, मी ओळखणार नाही होय? आता हा गळा धरतो म्हणून मी मागे सरकलो, तर त्याने मला मिठी मारली.

‘फानिआस,’ म्हणाला, ‘माझ्या बापालासुद्धा मी कधी एवढा मोठा वाटलो नाही रे. पुढच्या वर्षी मी तुझं नाव कोरणार.’

तुम्हाला सांगतो, तेवढ्यावर मी वर्ष काढलं. मिर्टालेला सांगून ठेवलं, दवंडीवाला आपलं नाव घेईल तेव्हा सगळ्या शेजारणींना घेऊन दारात उभी राहा. आणि आज सकाळी टेकडीवर सभा भरली, दरवर्षीसारखं विचारलं, यंदा खापऱ्यांचा दिवस ठेवायचा का, हवा असेल त्यांनी हात वर करा. लोक कंटाळलेले, कुणाला द्राक्षं छाटायचीत, कुणाला घरी जायचंय. हजारो माणसांत हात वर झाले दोन. एक माझा. आणि माझ्या शेजारी दुसरा, बांगड्यांचा वास येणारा.

जाऊ दे. बोला, तुम्हाला तेल किती देऊ?