चाखायचं कुणी?

(धुळे, १९८९. हरतालिकेची संध्याकाळ. लखीचंदजी आजारी, आतल्या खोलीत पडून आहेत. त्यांची सून कुसुमलता आणि स्वयंपाकाच्या मंदाबाई गॅसपाशी.)

कुसुमलता — कुठल्या डब्यातली टाकली म्हणालात?

मंदाबाई — पितळी डबामधली. तुम्हीच सांगेल व्हतं ना भाभी, बाबूजीसले तीच टाकजा.

कुसुमलता — मग रश्शाला हा ठसका कसला? ती फिकी मिरची. नुसता रंग तिचा.

मंदाबाई — तेच तं! वास नई, ठसका नई. माले वाटनं, जुनी व्हई गयी. म्हनीसन काल तिन्हामा घरनी लवंगी मिसाडी दिन्ही.

कुसुमलता — अहो, काय केलंत हे! माझ्या भावानं बेल्जियमहून पाठवली होती ती. पाप्रिका म्हणतात तिला. डॉक्टर म्हणाले, लाल हवंच असेल तर एवढीच चालेल. गेल्या महिन्यात बाबूजींना रक्ताची उलटी झाली, विसरलात?

मंदाबाई — माले काय ठाऊक? डोयाले पानी न आननारी मिरची बी ऱ्हास का कुठे!

कुसुमलता — किती टाकलीत?

मंदाबाई — चमचाभर. मोठा चमचा व्हता.

लखीचंद — बिनणी! ताट येतंय का? दिवस मावळला की मग पाणीसुद्धा नाही मला.

कुसुमलता — आणते बाबूजी! पाचच मिनिटं.

मंदाबाई — मुगनं वरन शे ना. तेच द्या.

कुसुमलता — दोन दिवस तेच ताट परत पाठवताहेत. पांढरं जेवण आजाऱ्याचं, म्हणतात. रंग दिसला तर चार घास जातील म्हणून हा खटाटोप. मला भीती वाटते हो. जेवले नाहीत तरी भीती, जेवले तरी भीती.

मंदाबाई — एक थेंब चाखी देखा ना.

कुसुमलता — मी? आठ उपवासांची अठ्ठाई माझी, आज सातवा दिवस. सात दिवस उकळलेल्या पाण्यावर काढलेत. परवा पारणं, माहेरची माणसं निघालीसुद्धा.

मंदाबाई — मंग मी चाखस. मनी हरतालिका मोडी तं मोडी.

कुसुमलता — तुमची जीभ काय सांगणार? ठेचा भाजीसारखा खाता तुम्ही. तुम्हाला हे दूधच लागेल.

मंदाबाई — ते बी खरं शे. मोठ्या बाई?

कुसुमलता — सासूबाई स्थानकात, महाराजांच्या प्रवचनाला. यायला रात्र होईल. ती वाटी द्या इकडे.

मंदाबाई — भाभी, नका! सात दिन!

कुसुमलता — द्या म्हटलं ना.

मंदाबाई — कशी शे?

कुसुमलता — झोंबली. पार घशापर्यंत. उतरवा ते पातेलं.

मंदाबाई — मना हातनं पाप व्हयनं, भाभी.

कुसुमलता — रडू नका. चांगल्यासाठीच केलंत तुम्ही. वरण वाढा, मी नेते.

लखीचंद — आज तरी लाल आहे ना?

कुसुमलता — नाही बाबूजी. मुगाचं वरणच.

लखीचंद — मग ने परत. थांब. डोळ्यांत पाणी का तुझ्या?

कुसुमलता — रस्सा चाखला. तुम्हाला सोसला नसता.

लखीचंद — चाखलास? कितवा होता आज?

कुसुमलता — सातवा.

लखीचंद — सासूला काय सांगशील?

कुसुमलता — खरं तेच.

लखीचंद — मंदाबाई, अजून एक ताट आणा. पांढरंच. वरण पातळ करा, हिचं पोट रिकामं आहे. बस, बेटा. तू पहिला घास घे, मग मी घेतो.