बाटली, झाकण आणि मधला मी

...आणि वर मेहुणा मलाच विचारतो, “भावोजी, दोन वर्षं तुम्ही तिथं केलंत तरी काय?” आता बोला! अहो, तुम्हाला सांगतो, एक कंपनी बाटल्या करणारी, दुसरी झाकणं करणारी, दोघींनी ठरवलं की मिळून संशोधन करायचं आणि थेंबभरही गळणार नाही अशी बाटली काढायची, करार झाला, हार-तुरे झाले, आणि दोघींच्या मधे कोण? मी! संशोधन-सहकार्य व्यवस्थापक! दारावरच्या पाटीत मावत नाही, दोन ओळींत लिहावं लागलं.

मला काय, माणसं सांभाळणं हा आपला हातखंडा! पहिल्याच बैठकीत बाटलीवाल्या साहेबांना विचारलं, तोंडाचं माप काय? तर चष्मा पुसत म्हणतात, “ते आमचं गुपित आहे.” गुपित? बाटलीचं तोंड? अहो, ते साऱ्या जगाला दिसतं! बरं, झाकणवाल्या बाईंना विचारावं, तर त्या फाईल छातीशी धरून, “आधी त्यांना सांगू दे ना...” झालं! दोघांनी आपापल्या अंदाजानं नमुने केले. झाकण फिरवतोय, फिरवतोय... घट्टच होईना! झाकण मिलिमीटरभर मोठं. आटे झाकणाचे ढिले की या लोकांचे, तेच कळेना. आणि शुक्रवारी दोन्ही कंपन्यांच्या मालकांसमोर दाखवायचं, बसलं नाही तर करार मोडला आणि मी घरी. निस्तरायला मधे कोण? मी!

पण घाबरतोय कोण? साहेबांना कोपऱ्यात घेतलं, “साहेब, तुम्ही मोठ्या मनाचे, तोंड मिलिमीटरभर वाढवा, त्यांना कळू देऊ नका.” विरघळले! तसाच बाईंकडे, “बाई, ते आडमुठे, तुम्हीच समजूतदार, झाकण मिलिमीटरभर कमी करा, कुठं बोलू नका.” त्याही विरघळल्या! तुम्ही म्हणाल, दोघांना कशाला सांगितलं? अहो, एक तरी ऐकेल म्हणून! दोघंही ऐकतील असं कुणाला वाटलं होतं?

शुक्रवारी झाकण बाटलीवर बसेना! दाबलं, ठोकलं, एक मालक तर उभं राहून जोर लावतोय! साहेब ओरडले, “मी तर तोंड वाढवलं!” बाई म्हणाल्या, “अय्या, मी तर झाकण कमी केलं!” आणि मग दोघं एकदम, “तुम्हाला कुणी सांगितलं?”... सगळ्या माना वळल्या. मधे कोण? मी!

पण बाई हुशार हो! पर्समधून जुनं झाकण काढलं, साहेबांच्या नव्या बाटलीवर फिरवलं... टच्च! बाटली उलटी केली, हलवली, आपटली, थेंब नाही! मालकांनी हात मिळवले, एकमेकांशी. साहेब आणि बाई तर मापांचे कागदच पसरून बसले, बोलणं थांबेना. मी खाकरलो, म्हटलं, पुढची बैठक कधी ठेवू? तर दोन्ही मालक एका सुरात, “आता आमचं थेट जमलंय, तुम्हाला कशाला त्रास!”

तुम्हाला सांगतो, असं घट्ट जमवून दिलं मी, असं घट्ट... की मला शिरायलाही फट उरली नाही!