ड्रॉइंगमध्ये टोप नव्हता

गंधाली: सातच्या आकड्याला मधून आडवी रेघ तुम्हीच मारता, बाबा. आपल्या घरात दुसरं कुणी मारत नाही. वही तुमचीच आहे.

दशरथ: कुठे मिळाली तुला?

गंधाली: काल डॉक्टरांनी दिलेले थेंब तुमच्या औषधांच्या डब्यात ठेवत होते, तिथेच खाली होती. आत सहा पानं. प्रत्येक पानावर एक चौकोन, चौकोनात बटणं, बाजूला बाण काढून मापं लिहिलेली. हे आमचे स्क्रीन आहेत. हॉस्पिटलच्या टोकन मशीनचे. मी केलेत, मला नाही ओळखता येणार?

दशरथ: प्रमाण थोडं चुकलंय. उभ्या उभ्या काढलं, पट्टी नव्हती.

गंधाली: प्रमाण राहू द्या. काढलं कशाला?

दशरथ: सरावाला.

गंधाली: कसल्या सरावाला?

दशरथ: घरी बसून बोट फिरवायचो. आधी भाषा, मग केसपेपरचा नंबर, मग तो ओटीपी, मग विभाग, मग डॉक्टरांचं नाव. क्रम पाठ झाला की तिथे वेळ लागणार नाही, असं वाटलं.

गंधाली: म्हणजे आठ महिने तुम्ही ‘दाखवून आलो, सगळं ठीक आहे’ म्हणत होतात तेव्हा...

दशरथ: हॉस्पिटलपर्यंत जात होतो. तेवढं खोटं नाही.

गंधाली: काल मी तुम्हाला खासगी डॉक्टरांकडे नेलं, ते काय म्हणाले ते ऐकलंत ना? डाव्या डोळ्याची कडेची नजर गेली. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, उरलेली सांभाळायची. कालपासून मी तुमच्याशी धड बोललेली नाही. मला वाटलं, कंटाळा केला, हट्ट केला. आता ही वही बघून मला काही सुचत नाहीये. काय झालं ते नीट सांगा.

दशरथ: काय सांगायचं त्यात. ऑक्टोबरमध्ये गेलो तर खिडकी बंद. वॉचमन म्हणाला, काका, आता टोकन मशीनवरच. मला उलट बरं वाटलं. त्याला सांगितलंसुद्धा, हे माझ्या मुलीने केलंय म्हणून. तोही कौतुकाने बघायला उभा राहिला. केसपेपरचा नंबर घातला. मोबाइलवर आलेला आकडा टाका म्हणाला. खिशातून फोन काढला, जवळचा चष्मा लावला, फोनवर काहीच नाही. वर बघितलं तर स्क्रीन पुन्हा पहिल्या पानावर. पुन्हा नंबर घातला, पुन्हा तेच. मागे रांग वाढलेली. एका बाईच्या कडेवर मूल होतं, डोळ्याला पट्टी बांधलेलं. कुणी मला एका शब्दाने बोललं नाही. पण रांग मानेला जाणवते गं. तिसऱ्या वेळी मीच बाजूला झालो. त्या बाईला म्हटलं, तुम्ही घ्या आधी.

गंधाली: आणि मग?

दशरथ: मग काय, बाकावर बसलो थोडा वेळ आणि घरी आलो. डिसेंबरमध्ये गेलो, तीच गत. मग बाजूला उभा राहून, लोक वापरत होते ते स्क्रीन वहीत काढून घेतले. मार्चमध्ये वही घेऊन गेलो, तरी तेच. मध्ये थेंब संपले, पण नवी चिठ्ठी नाही म्हणून दुकानदार देईना.

गंधाली: ओटीपी एकदाही आला नाही?

दशरथ: एकदाही नाही.

गंधाली: थांबा, माझा फोन बघते... बारा ऑक्टोबर, सकाळी अकरा वीस. तीन ओटीपी, लागोपाठ. डिसेंबरमध्ये दोन. मार्चमध्ये चार.

दशरथ: तुझ्याकडे?

गंधाली: केसपेपर काढताना मी माझा नंबर दिला होता, तुमचे रिपोर्ट मला मिळावेत म्हणून. तुम्ही मुलुंडला मशीनपुढे उभे होतात आणि आकडा अंधेरीला माझ्या टेबलावर येत होता. मीटिंगमध्ये असणार मी. वाटलं, कुणीतरी फसवायला बघतंय. उघडलेसुद्धा नाहीत.

दशरथ: असं होय. मला वाटत होतं, माझंच बोट चुकतंय.

गंधाली: मला एक फोन का नाही केलात, बाबा?

दशरथ: तुमच्या टीमला त्या मशीनचं बक्षीस मिळालं तेव्हा तुझ्या आईने अख्ख्या बिल्डिंगला पेढे वाटले. मी बागेतल्या मंडळींना नेऊन ते मशीन लांबून दाखवलं होतं. चाळीस वर्षं यंत्रांची ड्रॉइंगं काढलेला माणूस मुलीच्या मशीनपुढे अडाणी ठरतो, हे तुला कसं सांगायचं? म्हटलं, शिकून घेऊ. या वयात माणसाने शिकावं, असं तूच म्हणतेस.

गंधाली: आम्ही टेस्टिंग केलं होतं. चांगलं बत्तीस जणांवर.

दशरथ: कोण होते?

गंधाली: ऑफिसमधलेच. सगळ्यात मोठा आमचा बॉस निलेश, बेचाळीस वर्षांचा. एसीत उभे राहून केलं सगळ्यांनी, बाजूला चहा ठेवून. सरासरी चाळीस सेकंद लागले. तो आकडा मी स्लाइडवर मोठ्या अक्षरांत लावला होता.

दशरथ: त्यांच्या मागे रांग होती?

गंधाली: नव्हती.

दशरथ: हं. माझ्याही ड्रॉइंगमध्ये टोप नव्हता.

गंधाली: कसला टोप?

(जानकी चहाचे कप घेऊन बाहेरच्या खोलीत येते.)

जानकी: सांगा आता तिला. अडतीस वर्षांची झाली. मी सांगायला गेले की तुम्ही पेपर उघडता.

गंधाली: काय सांगायचंय?

जानकी: माझं लग्न कसं जमलं ते.

गंधाली: कुडाळच्या मावशीने स्थळ आणलं होतं ना?

जानकी: मावशीने पत्रिका आणली गो. ती नंतर. आधी स्टोव्ह आला.

दशरथ: भांडुपला आमची कंपनी होती, तुला माहीत आहे. पंखे, इस्त्र्या, आणि वातीचे रॉकेलचे स्टोव्ह. सत्त्याहत्तर सालची गोष्ट. मी पंचवीस वर्षांचा. पाटकरसाहेब, सीताराम पाटकर, आमचे हेड ड्राफ्ट्समन. त्यांनी नवा स्टोव्ह पूर्णपणे माझ्यावर सोपवला. माझं पहिलं स्वतंत्र काम. तेव्हा ड्रॉइंगची अमोनिया प्रिंट निघायची, ओली असताना डोळ्यांत पाणी आणायची. पण खालच्या कोपऱ्यात स्वतःचं नाव असलेली पहिली प्रिंट मी नाकाला लावून हुंगली होती. बाकीच्या स्टोव्हची वात वरखाली करायची चावी बाहेर लोंबायची, गबाळी दिसायची. मी ती आत घेतली, बर्नरच्या खाली. एकदम सुबक दिसायला लागला. सगळे वाहवा करत होते.

जानकी: दिसायला सुरेख होता, खोटं कशाला बोलू. माझ्या बाबांनी बोनस झाल्यावर आणला. मिलमध्ये होते ते. कुर्ल्याच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही नऊ माणसं. संध्याकाळी चाळीतले सगळे स्टोव्ह एकदम पेटायचे. आजही कुठे रॉकेलचा वास आला की मला आई दिसते, तांदूळ निवडत बसलेली. तर नऊ माणसांचा भात म्हणजे टोप केवढा हवा? स्टोव्हच्या चारी बाजूंनी बाहेर येणारा. भाताला उकळी आली की वात कमी करायची, तेव्हा हात घालायचा कुठे? टोपाखाली. मी घातला. वरून पेज उतू आली. अंगठा आणि दोन बोटं भाजली, उजव्या हाताची.

गंधाली: हे तू कधी बोलली नाहीस.

जानकी: आठ दिवसांवर माझी टायपिंगची परीक्षा होती. पास झाले असते तर फोर्टला एका ऑफिसात नोकरी ठरलेली. परीक्षा हुकली, नोकरी दुसरीला गेली. मी दोन दिवस रडले आणि तिसऱ्या दिवशी डाव्या हाताने कंपनीला पोस्टकार्ड लिहिलं. लिहिलं, ज्या कुणी हा स्टोव्ह काढला त्याने आमच्या घरी येऊन नऊ माणसांचा भात शिजवून दाखवावा.

दशरथ: पाटकरांनी ते कार्ड माझ्या बोर्डावर टाचणीने लावलं. ओरडले नाहीत. म्हणाले, रविवारी जा. मी म्हटलं, माफी मागून येतो. तर म्हणाले, माफी नको, भात शिजवून ये.

जानकी: आणि हे आले की. इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन पेन्सिली. माझी आई घाबरली. मला म्हणते, चेडवा, तू काय ता लिवलंस आणि ह्यो माणूस दारात इलो. मी म्हटलं, येऊ दे. बसवा त्यांना स्टोव्हपुढे.

गंधाली: बाबांनी भात केला?

दशरथ: तांदूळ धुण्यापासून. सगळी चाळ दारात उभी. उकळी आली, मी चावीकडे हात नेला आणि चटका बसून मागे घेतला. पुन्हा नेला. तोवर पेज उतू आली. मी काय करतोय, मलाच कळेना. मागे माणसं उभी असली की आपलीच वस्तू परकी होते. तेव्हा मला कळलं की चार महिने मी स्टोव्ह बोर्डावर समोरून काढला, बाजूने काढला, वरून काढला, पण त्यावर टोप ठेवून एकदाही काढला नव्हता. कंपनीत तपासणी व्हायची तीसुद्धा चहाच्या किटलीवर.

जानकी: भात खाली लागला. पण तोच आम्ही सगळ्यांनी खाल्ला. ह्यांनीही खाल्ला, मान खाली घालून. मग आईकडून शिवणाची टेप मागून घेतली आणि टोप मोजला. नंतर शेजारच्या चार घरांतले टोप मोजले.

गंधाली: आणि स्टोव्ह बदलला?

दशरथ: लगेच नाही. चावी दोन इंच बाहेर काढायची आणि टोकाला न तापणारी बेकलाइटची मूठ लावायची, एवढंच होतं. पण वरच्या साहेबांचं म्हणणं पडलं की मग खोक्यात बसणार नाही, खोकी नव्याने करावी लागतील. पाटकरांनी मला सांगितलं, वाद घालू नकोस, नवं ड्रॉइंग काढ, त्यात तुटक रेघेने टोप काढ आणि टोपाखाली जाणारा हात काढ. मला हात काढता येत नव्हता. आठवडाभर स्वतःचा डावा हात समोर धरून शिकलो. ते ड्रॉइंग वर गेलं आणि महिन्याभराने खोकी बदलली.

जानकी: बदललेला पहिला स्टोव्ह हे स्वतः घेऊन आले कुर्ल्याला. आईने चहा दिला. पुढे माझी सहा महिन्यांनी परीक्षा होती, तेव्हा सेंटरच्या बाहेर उभे होते. मी विचारलं, तुम्ही इथे कसे? तर म्हणाले, हात बरा झालाय का बघायला आलो. मग मावशीला पत्रिका आणायला सांगितली आम्ही.

गंधाली: आणि मला आयुष्यभर सांगितलंत, सगळं रीतसर जमलं.

दशरथ: माझ्या चुकीने तिची नोकरी गेली. ती गोष्ट मुलीला काय कौतुकाने सांगायची?

जानकी: मला त्याचा राग नव्हता हो. तुम्ही आलात, तिथेच राग गेला. राग मला आजचा आहे. मी ऐकलं सगळं आतून. माझी बोटं तीन आठवड्यांत बरी झाली होती. तुमचा डोळा बरा व्हायचा नाही. आणि तुम्ही तीन वेळा घरी येऊन माझ्या तोंडावर सांगितलंत, सगळं ठीक आहे.

दशरथ: चुकलं माझं.

जानकी: आता एकटे जायचं नाही. मला चार पायऱ्या चढायला त्रास होतो म्हणून ठेवून जाता, ते बंद. मी हळूहळू येईन.

दशरथ: बरं.

गंधाली: पुढच्या महिन्यात हे मशीन आणखी अकरा हॉस्पिटलांत लागणार आहे. मी आत्ताच निलेशला मेसेज टाकलाय की थांबवायला हवं. त्याचं उत्तर आलं, आता उशीर झाला, एका माणसाचा नंबर चुकला म्हणून सगळं थांबवता येणार नाही.

दशरथ: त्याच्या जागी तो बरोबर आहे. आमचे साहेबही खोक्याच्या जागी बरोबर होते.

गंधाली: तुम्ही माझ्यावर चिडत का नाही? चिडलात तर बरं वाटेल मला.

दशरथ: तू मुद्दाम केलं नाहीस. मीही केलं नव्हतं. पण भाजलं ते भाजलं, ते आपल्या नावावर राहतं. मला त्याचा एक उपयोग झाला. त्यानंतर रिटायर होईपर्यंत मी एकही ड्रॉइंग हात काढल्याशिवाय पुढे पाठवलं नाही. कंपनीतली पोरं हसायची, दशरथचे हात म्हणायची. आता त्या जागेवर टॉवर उभे आहेत, ड्रॉइंगं कुठे रद्दीत गेली असतील. सवय तेवढी राहिली.

गंधाली: उद्या ऑफिसला जात नाही मी. सकाळपासून त्या मशीनजवळ जाऊन बसते. कोण आहे ते कुणाला सांगणार नाही. सरासरीचा आकडा नाही, माणसं मोजून आणते निलेशसाठी. किती जण टोकन न घेता परत जातात ते.

जानकी: डबा देते. तिथलं काही खाऊ नकोस.

दशरथ: दारातून शिरलीस की उजव्या अंगाला एक बाक आहे, खांबाला लागून. तिथे बस. तिथून लोकांचे हात दिसतात.